यादीतलं शेवटचं नाव

अम्मीचा चाळिसावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी चौकड्यांच्या वहीत कर्जाची यादी केली. मी शहाद्याच्या एका शाळेत गणित शिकवते, तेही तासिकेवर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. पण गणिताच्या बाईचा एक रोग असतो. घरात कितीही रडारड असो, तिला आकडे एका खाली एक लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

अम्मीच्या ऑपरेशनसाठी आम्ही तिला सुरतला नेलं होतं. ती त्यानंतर जेमतेम आठ महिने जगली. ती गेली आणि देणी तेवढी मागे राहिली. बाजारपेठेतल्या एका माणसाकडून शेकडा पाचने घेतलेले होते. माझ्या नावावर महिला गटाचं कर्ज होतं, त्याचा हप्ता दर आठवड्याला, आणि एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या नऊजणींनी तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, अशी त्यांची रीत. पतसंस्थेचं कर्ज होतं. अम्मीची साखळी सराफाकडे गहाण होती. आणि शेवटी, प्रकाशा गावच्या काकांचे साठ हजार, हातउसने.

काका म्हणजे अब्बांचे दोस्त. तापीकाठचे गुजर शेतकरी, केळी आणि कापूस. अब्बा शिंपी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे, एक मशीन, एक बाकडं, एक पंखा. काकांचा प्रत्येक शर्ट, प्रत्येक बंडी गेली तीस वर्षं अब्बांच्याच हातची. बाजारच्या दिवशी ते आले की पिशव्या आमच्या दुकानात टाकायच्या, बाकड्यावर बसून दोन चहा प्यायचे आणि भाव, पाऊस, जावई यांना यथेच्छ शिव्या घालायच्या, हा नेम. दोघं फार बोलत असंही नाही. अब्बा मशीन चालवत, काका बघत बसत. अम्मी म्हणायची, "यांचं लग्न लागायचं तेवढं राहिलंय."

सुरतला निघायच्या आदल्या दिवशी काका दुकानात आले ते बाजारचा दिवस नसताना. रुमालात बांधलेले पैसे त्यांनी कापडाच्या ताग्याखाली सरकवले. अब्बा काही बोलायच्या आत म्हणाले, "वहिनीले लई जाय सुरतले. पैसासनं नंतर दखसूत." कागद नाही, साक्षीदार नाही. मी तेव्हा काजं करत बसले होते, तीच काय ती साक्ष.

तर यादी. मी प्रत्येक नावापुढे व्याजाचा दर लिहिला आणि चढ्या दराचं आधी, कमी दराचं नंतर, असं लावलं. ज्याचं व्याज सगळ्यात जास्त त्याचं आधी फेडायचं, बाकीच्यांना किमान हप्ता देत राहायचं, एक मिटलं की त्याची रक्कम दुसऱ्यावर घालायची. यात चूक काहीच नाही. आजही मी वर्गात असंच शिकवेन. काकांच्या नावापुढे मी शून्य लिहिलं, आणि त्या शून्यामुळे ते शेवटच्या ओळीत गेले.

अब्बांनी वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. दुकानात जन्म गेल्यामुळे ते घरातही अहिराणीच बोलतात. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बेटा, पहिले त्यानं दी टाक."

"अब्बा, त्यांना व्याज नाही. त्यांचं आधी दिलं तर तिकडे शेकडा पाच वाढत जाईल."

"मंग थोडं थोडं त्याले बी."

"थोडं थोडं सगळ्यांना दिलं की कुणाचंच फिटत नाही."

शिकलेल्या पोरीपुढे अब्बा नेहमीच हरतात. त्यांनी वही परत दिली. त्यांना एकच हवं होतं, ते त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवलं. काकांचे पैसे त्यांना स्वतःच्या हाताने काकांच्या हातात द्यायचे होते. आमच्यात देणं डोक्यावर ठेवून मरणं फार वाईट मानतात. जनाज्याच्या नमाजेआधी मुलगा उभा राहून सगळ्यांना सांगतो, माझ्या बापाकडे कुणाचं काही निघत असेल तर माझ्याकडे या, नाहीतर माफ करा. अब्बांना मुलगा नाही. "मन्हा मांगे कोन उभं ऱ्हाई?" असं ते एकदा सहज म्हणाले. मी म्हटलं, तोपर्यंत सगळं फिटलेलं असेल. मला माझ्या वहीचा केवढा भरवसा होता.

आणि वही खरंच चालली. आम्ही दूध अर्ध्यावर आणलं. ईदला कपडे शिवले ते दुसऱ्यांचेच. अब्बांनी शाळेच्या गणवेशांचं ठोक काम घेतलं, रात्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत बटणं लावली. मी चार शिकवण्या धरल्या. शेकडा पाचवाला मिटला त्या दिवशी मी त्याच्या नावावर अशी काट मारली की कागद फाटला. मग गटाचं संपलं. मग पतसंस्था. गल्लीतल्या दोन बायका माझ्याकडे आपापली यादी करून घ्यायला आल्या, आणि मीही उंटावरच्या शहाण्यासारखा सल्ला दिला.

या सगळ्यात काका दुकानात यायचे कमी झाले होते. चाळिसाव्याला ते होते. नंतर काही बाजारांना आले, बाकड्याच्या टोकावर टेकले, एकच चहा घेतला. पुढे पिशव्या दुसरीकडे ठेवू लागले. मग यायचेच बंद झाले. अब्बा बाजारच्या दिवशी गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायचे. मी म्हटलं, जा ना एकदा प्रकाशाला, भेटून या. म्हणाले, "खाली हात कसा जाऊ?" त्यांना वाटायचं, दोस्त रागावला. पैसे बुडाले असं त्याला वाटत असेल. मलाही थोडं तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मनातून रागही यायचा. एवढा जीवाचा दोस्त, आणि दोन वर्षं धीर धरवत नाही?

एकदा काका मला बसस्टँडवर दिसले. मला पाहून आधी वळलेच, मग परत आले. "बाप बरा शे ना?" मी म्हटलं, बरे आहेत, तुम्ही दुकानात येत नाही. "येसू, येसू," म्हणाले आणि बस लागलेली नसतानाही फलाटाकडे घाईने गेले. त्यांच्या शर्टाची कॉलर झिजली म्हणून उलटवून शिवलेली होती, आणि ती अब्बांनी उलटवलेली नव्हती. शिंप्याच्या मुलीला टाका ओळखू येतो. माणूस आपली कॉलरसुद्धा दुसऱ्याकडे घेऊन जायला लागला, म्हणजे राग पक्का, असं मी धरून चालले. अब्बांना ही भेट मी सांगितली नाही. सांगितली असती तर ते त्याच दिवशी जे काही हाताशी होतं ते घेऊन प्रकाशाला गेले असते आणि माझा त्या महिन्याचा हिशेब कोलमडला असता.

फक्त सराफ उरला होता आणि मग काका. पाच महिने, जास्तीत जास्त सहा. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं आणि बोलता बोलता म्हणालं, तुमचा तो प्रकाशाचा दोस्त गेला ना परवा, केळीच्या बागेतच, उभ्या उभ्या. अब्बांच्या पायाखाली मशीन चालूच राहिली. पँटचा पाय त्यांनी शिवून बंद केला, मग ती शिवण उसवत बसले. दोन दिवस उलटून गेले होते. खांदा द्यायचाही राहिला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दारावर गेलो. आमच्याकडे दुखवट्याला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. पुरुष बाहेर मांडवात सतरंजीवर बसलेले, बायका आत. मी आत काकूंजवळ, उंबऱ्याच्या कडेला बसले, तिथून अब्बा दिसत होते. बसमध्ये मी त्यांना बजावलं होतं, आज पैशाचा विषय नको, नंतर मुलाला एकट्याला सांगू. ते हो म्हणाले होते.

पण त्यांच्या डोक्यात जनाज्याची रीत होती. इथे कुणी उभं राहून विचारणार नाही, मग देणाऱ्यानेच उभं राहायला हवं, असं त्यांना वाटलं असणार. अब्बा एकदम उठले. हात जोडले.

"भाऊसहोन, मी यास्ना बापनं देनं लागस. साठ हजार. बायकोना दुखनाले दिधा व्हतात. सांगी ठेवस, म्हंजे कोनले शंका नको."

मला वाटलं, कुणी तरी म्हणेल, बसा हो, कशाला आता ते. पण थोरला मुलगा अब्बांकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडील गेल्यापासून तो रडला नव्हता म्हणे, आता असा रडला की आतल्या बायका दाराशी आल्या.

काकांनी घरात सांगितलंच नव्हतं. केळीच्या पट्टीतले, म्हणजे विक्रीतले, साठ हजार कमी का, असं मुलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, बसमध्ये पाकीट मारलं. एवढा मोठा आकडा खिशात घेऊन बापाने बसमध्ये फिरावं, म्हणून मुलं संतापली. "दोन वरीस आम्ही त्यास्ले बोलनूत," मुलगा म्हणत होता. "बाजारले पैसा मांगेत तं आम्ही मोजीसन दिऊत. म्हनूत, परत पाडी येशात." बाप त्यावर मान खाली घालून जेवायचा. विक्रीचे पैसे त्यांच्या हातात देणं पोरांनी तेव्हापासून बंद केलं होतं. नवा शर्ट शिवायचा तर मुलाकडे मागावा लागला असता, म्हणून त्यांनी मागितला नाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माले एकलीले माहीत व्हतं. मी म्हनू, दुकानवर जाई या ना, जीव रमी. तुन्हा काका म्हनेत, आते जासू तं त्याले वाटी, पैसा मांगाले वना."

एवढंच होतं ते. राग नव्हता. अब्बांना तगादा वाटू नये म्हणून ते दुकानात येत नव्हते, आणि आपण रिकाम्या हाताने म्हणून अब्बा त्यांच्याकडे जात नव्हते. घरात पोरांची बोलणी खाऊन ज्या बाकड्यावर येऊन बसायचं, ते बाकडंही त्यांना उरलं नव्हतं. मी शून्य लिहिलेल्या रकमेचं व्याज हा माणूस दोन वर्षं एकटा भरत होता. मला त्या उंबऱ्यावर स्वतःची इतकी घृणा आली की काकूंनी पुढे केलेला पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला.

परत येताना अब्बा एवढंच म्हणाले, "साखळी मोड." सराफाने आपलं मुद्दल आणि व्याज कापून घेतलं. उरलेल्यात माझ्या शिकवण्यांचे पैसे घातले आणि साठ हजार झाले. अम्मीची तेवढी एकच वस्तू घरात परत यायची होती, ती आली नाही. 

उत्तरकार्य झाल्यावर आम्ही पुन्हा प्रकाशाला गेलो. अब्बांनी पैसे स्वच्छ रुमालात बांधून आणले होते. मुलाने मोजले नाहीत, तसेच कपाळाला लावून आत नेऊन ठेवले. चहा झाला. निघताना अब्बा अंगणात थांबले.

"माफ करी दे भाऊ," ते मुलाला म्हणाले. "उशीर हुई गया. तू एक डाव म्हन, माफ कयं."

मुलगा गोंधळला. भला मुलगा आहे. "माफ कसानं करानं, काका? पैसा तं पुरा वनात."

अब्बांना तो शब्द हवा होता. मुलाला आमची रीत माहीत नव्हती, आणि त्याने म्हटला असता तरी तो काकांचा शब्द नव्हता, हे अब्बांनाही कळत होतं.  त्यांनी चपला घातल्या.

फाट्यावर आम्ही शहाद्याच्या बसची वाट बघत उभे होतो. उसाने भरलेले दोन ट्रॅक्टर गेले. अब्बा रस्त्याकडे बघत होते. न रागावता, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "बेटा, त्यानं नाव पहिलं काबरं नही टाकं?"

उत्तर मला पाठ होतं. वर्गात मी ते दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवते. बस आली, तेव्हा ते उत्तर तसंच ठेवून मी अब्बांना आधी चढवलं.