ताईंच्या मुठीतल्या बिया

भाद्रपदातला रविवार, दुपार, कारंज्याचं आमचं घर. हजर: मी आणि माझी मोठी नणंद, म्हणजे ताई. गैरहजर: नवरा, दुकानात.

ताईंच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण मूठ वळत नव्हती. कात्री धरता येईना, म्हणून त्यांची शिलाई मशीन झाकलेलीच. बोटं हलती राहावीत म्हणून मी मोबाइलवर एक जुना आफ्रिकी खेळ काढून दिला. दोन्ही बाजूंना सहा-सहा खड्डे. आपल्या एका खड्ड्यातल्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खड्ड्यांत एकेक पेरत जायचं. शेवटी ज्याच्याकडे बिया जास्त, तो जिंकला.

दुसऱ्याच डावात ताईंनी मला धुतलं. मी माझ्या भरलेल्या खड्ड्यावर खूश होते. त्यांनी शेवटची बी नेमकी स्वतःच्या रिकाम्या खड्ड्यात टाकली आणि खेळाच्या नियमाप्रमाणे समोरच्या माझ्या खड्ड्यातल्या सगळ्या बिया उचलल्या.

“वैनी, तू निस्ती जमा करून राह्यली. पेरायले शीक!”

“शिकते. पण बोटांचं काय?”

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. “इथं एकच बोट नाचते. मूठ कुठं वळते? मले खऱ्या बिया पाह्यजे.”

मी चिंचोके आणायला उठले.

“थांब! चातुर्मास आहे. खेळापायी जिवंत बी चोळत बसू काय? भाजून आण, मंग मुठीनं हरवतो तुले.”

आमच्याकडे, जैनांत, कच्च्या बीतही जीव मानतात; भाजली की तो राहत नाही. दुखऱ्या हातानंही ताईंनी नियम सोडला नाही, आणि खेळही. चिंचोके निवडून, पुसून ओट्यावर ठेवलेत. भाजायचे तेवढे राहिलेत.