आगीचा देव आणि डहाणूचे बोंबील

"बरा झालो की डहाणूला जाऊ," असं माझा नवरा अनंत दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणायचा. शेवटी मी एकटीच निघाले. माझ्या यकृताचा तुकडा त्याला दिला होता, तरी वर्षाच्या आत तो गेला. माझं यकृत मात्र पुन्हा पूर्ण वाढलं. मग दिलेलं सगळं वाया गेलं का, हाच विचार नाशिकपासून एस.टी.त डोक्यात होता.

जव्हारचा घाट उतरून तलासरी गाठली आणि रिक्षाने झरीला गेले. लग्नाआधी अनंत इथल्या शाळेत शिकवायचा. दाराला कुलूप दिसलं तेव्हा लक्षात आलं, आज रविवार. मास्तरांची बायको आणि रविवार विसरते! त्याने दिवसभर माझी टिंगल केली असती. पायरीवर बसून पोटभर रडून घेतलं.

दुपारी आशागडवरून डहाणूला आले. किनाऱ्यावर एक मावशी वलांडीवर (बोंबील वाळवायची बांबूंची मांडणी) बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगत होत्या. अचानक घारीने झडप घातली. मी किंचाळून पोटच धरलं.

"बोंबील नेला गो तिनं, तुला काय झालं?" मावशी हसल्या.

मग त्यांना ऑपरेशनचं सांगितलं, आणि अनंतने ऐकवलेली ग्रीक पुराणातली गोष्टही. एका देवाने माणसांसाठी आग चोरली, म्हणून त्याला खडकाला जखडलं. रोज गरुड येऊन त्याचं यकृत खायचा, ते पुन्हा वाढायचं. 'त्या देवाची तू धाकटी बहीण,' असं अनंत मला चिडवायचा.

मावशींचा हात थांबला. "ज्यांना आग दिली, त्यातला कोन त्याला बघायला गेला का?"

"अनंतने सांगितलं त्यात तरी नाही."

"मंग दुखतं म्हणून त्यानं सांगायचं कोनाला?"

मला ऑपरेशननंतरचे दिवस आठवले. स्वतःला उठवत नसताना अनंत रोज सकाळी माझ्या टाक्यांवर हात ठेवायचा. "दुखतं का गं आज?" ते महिने मी त्याला दिले, असंच मी धरून चालले होते. ते मलाही मिळाले होते. वाया काही गेलं नव्हतं. पण म्हणून तो नको झाला, असं थोडंच आहे?

मावशींनी सुक्या बोंबलांची जुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या घरात सगळीकडे त्यांचाच वास होता. सकाळी उठून व्रणावर हात ठेवला. तो दुखायचा कधीच थांबलाय.

"हो रे," मी मोठ्याने म्हणाले, "दुखतंय आज."