पावडर लावलेली शाळा

जगात माणसं राहत नाहीत, नुसत्या कातड्या राहतात, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अमरावतीत कातडीचे डॉक्टर आहेत. इतर लोक नाव, गाव, नोकरी यांवरून माणसं लक्षात ठेवतात. आमचे साडू चामखिळीवरून ठेवतात. "परवा तो भेटला होता," असं ते सांगू लागले आणि आपण "तो कोण?" विचारलं की, "अहो तो नाही का, मानेच्या डाव्या बाजूला मस असलेला," असं उत्तर येतं. हा मस असलेला म्हणजे त्यांचा सख्खा चुलतभाऊ असतो. आमची पहिली भेट माझ्याच लग्नात, सीमांतपूजनाला झाली. मी नवरदेव म्हणून पाटावर बसलेलो, सासरे माझे पाय धुताहेत, आणि हे पुढे आले, माझी कॉलर बोटानं खाली ओढली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे कधीपासून आहे?" सासऱ्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ते नव्या शेरवानीनं आलेलं घामोळं होतं. पण ते घामोळंच आहे अशी स्वतःची खात्री करून घ्यायला त्यांनी मला उठवून खिडकीशी नेलं आणि उजेडात उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्या वेळात माझ्या वडिलांचं काय झालं असेल ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट काळजीची. काळजी करायला त्यांना कारण लागत नाही, फक्त सकाळ झालेली लागते. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घराचं कुलूप लागलं का, ते लागलेलं निघालं की गॅस बंद केला का, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, फोनवर "बंद आहे, जा आता" असं सांगितलं की ताईंचा आवाज असा का येतोय. हिवाळा लागला की ते आठवड्याचा एक दिवस दवाखाना बंद ठेवून खेड्यांतल्या शाळांत मुलांची कातडी फुकट तपासायला जातात. कधी धारणीकडे, कधी सेमाडोहच्या वाटेवर, कधी तेल्हारा तालुक्यात. गाडी मी चालवतो, कारण ते स्वतः बसले तर रस्त्यातल्या प्रत्येक बकरीला वाट देतात आणि शाळा सुटल्यावर शाळेत पोचतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तरी वाटेत मला आभाळाबद्दल विचारलं जातं. "साडभाऊ, ढग आले तर? कातडी उन्हात पाहावी लागते. बल्बच्या उजेडात मला सगळं जग कावीळ झाल्यासारखं दिसतं." आणि ऊन लख्ख असलं की, "आज मुलं आलीच नाहीत तर? जी पोरं त्या दिवशी नेमकी येत नाहीत ना, त्यांच्याच अंगावर काहीतरी असतं." हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी हसत नाही, कारण त्यांची ही एक काळजी दर वेळी खरी ठरते.

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असते. मुलगे व्हरांड्यात, सदरे काढून, पापड वाळत घालावेत तसे उन्हात ओळीनं उभे. मुलींसाठी आत वर्गात पडदा, आणि पडद्यामागं नर्सबाई व शाळेतल्या एक बाई. हा पडदा म्हणजे ताईंची साडी असते. ताईंच्या निम्म्या साड्या वऱ्हाडातल्या शाळांच्या खिडक्यांना बांधून झाल्या आहेत. वर्गात ऊन पोचत नसेल तर मी बाहेर उभं राहून आरशानं ते आत पाठवायचं, हे माझं खातं. खरूज निघाली की साडू खुर्चीवर चढतात आणि मलम गळ्यापासून तळपायापर्यंत कसं लावायचं, बोटांच्या बेचक्यांत कसं चोळायचं, हे कपड्यांवरूनच करून दाखवतात. पोरं हसून लोळतात. "एकट्यानं लावून चालत नाही! आजीनंही लावायचं! एकाच दिवशी, सगळ्या घरानं!" असं ते वरून ओरडत असतात आणि ओरडता ओरडता स्वतःच खाजवत असतात. कोणत्याही रोगाचं नाव ते हळू घेऊ शकत नाहीत. एका गावात सरपंच हात मिळवायला आले, तर यांनी तो हात उलटा केला, बोटं फाकवली आणि जाहीर केलं, "घ्या! हे तर उगमस्थान!"

अशाच एका हिवाळ्यात एक दिवस आम्ही हिवरखेडच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेलच. गाडीतून उतरलो आणि साडूंनी माझा दंड धरला. समोर अख्खी शाळा उभी होती, पांढरीफेक. पायांना, हातांना, मानेला, चेहऱ्याला पावडर, आणि पावडरीखाली खोबरेल तेल. हेडमास्तर हसतमुखानं पुढं आले. "सायेब, तुमी येनार म्हनून कालच सांगून ठेवलं होतं, पोट्ट्याइले तेल-पावडर करून धाडा. ज्याइच्या घरी नोती त्याइले म्या सोता लावली." त्यांच्या हातात डबा अजून होता. साडूंचा चेहरा त्या पोरांइतकाच पांढरा झाला. कातडीवरचा फिकट चट्टा ओळखायचा तर तेल-पावडरीखाली तो दिसणार कसा? "गुरुजी," ते म्हणाले, आणि त्यांनी हेडमास्तरांच्या हातातला डबा काढून घेतला. मग एकदम बोलले, "सगळ्यांना धुवा!"

हेडमास्तरांना ते लागलं. पाहुण्यांसाठी पोरं सजवावीत आणि पाहुण्यांनी ती धुवायला लावावीत, हे कुणालाही लागेल. हातपंपावर रांग लागली, साबणाची वडी फिरू लागली, थंडीनं पोरं कुडकुडू लागली. गावात बातमी पोचली आणि आया धावत आल्या. "सकायी तर आंग धुऊन धाडली पोट्टी! आमी काय घान हावो का?" साडू प्रत्येकीसमोर हात जोडत होते, आणि जोडता जोडता डोळे तिच्या मनगटावर. त्या गर्दीतून एक बाई आपल्या पाचवीतल्या मुलीला दंडाला धरून फाटकाकडं निघाली. माळ्याच्या घरची, पदराला कोथिंबिरीचा वास. "हिले ताप हाये, घरी नेतो."

साडू आडवे आले. "ताप आहे तर पावडर काहून लावली?"

बाईनं मुलीचा उजवा हात पदराखाली घेतला.

मायलेकींना आत वर्गात नेलं. नर्सबाईंनी मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत ओल्या फडक्यानं पुसला. पावडरीखालून एक फिकट, तांबूस चट्टा वर आला. मला आरसा घेऊन दारात बोलावलं, ऊन त्या हातावर पडलं. साडूंनी कापसाची वात केली आणि मुलीला म्हणाले, "डोळे मीट. मुंगी जिथं बसेल तिथं बोट ठेवायचं." त्यांनी खांद्याला कापूस लावला, तिनं बोट ठेवलं. तळव्याला लावला, ती खुदकन हसली. मग कापूस चट्ट्यावर आला आणि तिथंच फिरत राहिला. मुलगी डोळे मिटून, हसू दाबून वाट पाहत होती.

"लावा ना काका," ती म्हणाली, "काहून थांबले?"

साडूंनी तिच्या कोपराच्या आतली नस चाचपली, करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायला लावला आणि ओढला. तो अलगद निसटला, बोटांत जोर नव्हता. आई भिंतीला टेकून खाली बसली. या चट्ट्याला महारोग म्हणतात हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती इतके दिवस रोज पावडर लावत होती. "मोठीची सोयरीक जुयली हाये, अकोल्याची," ती हुंदका गिळत म्हणाली. "गावात समजलं तं मोडते. लगन तेवढं होऊ द्या, डॉक्टरसायेब. मंग मीच घेऊन येतो इले. तुमच्या पाया पडतो."

खिडकीबाहेर निम्मं गाव उभं होतं. मांडवात माझं घामोळं जाहीर करणारा हा माणूस, आता याच्या तोंडून काय बाहेर पडणार? मी आरसा टाकून त्यांचं तोंड दाबायच्या बेतात होतो. पण साडू त्या बाईसमोर जमिनीवर बसले आणि इतकं हळू बोलले की मलाही जेमतेम ऐकू आलं. "ताई, लग्न होईलच. पण हे बोट तोवर थांबणार नाही, वाकडं होऊन बसेल. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सुरू झाल्या की हिच्यापासून कोणाला काही होत नाही, आणि रोग पुरता बरा होतो. मोठीलाही मी पाहतो, तुम्हा सगळ्यांना पाहतो. कोणाला काही सांगायचं काम नाही. मी नाही सांगणार." बाहेर आल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "काई निंगालं का, सायेब?" साडू तडक खुर्चीवर चढले. "निघालं! गजकर्ण! अर्ध्या शाळेला!" आणि ते खरंच होतं. गजकर्णावर ते इतका वेळ, इतक्या आवेशानं बोलले की खिडकीजवळचे लोक कंटाळून घरी गेले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना घाम फुटला होता. "साडभाऊ, माझ्या चेहऱ्यावरून तर कळलं नसेल ना कोणाला?"

मोठ्या मुलीच्या अंगावर काही निघालं नाही, धाकटीच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. पण साडूंच्या काळजीला आता पत्ता मिळाला होता. पहाटे मला फोन यायचा. "चुलीपाशी बसत असेल का हो? बधिर हाताला भाजलेलं कळत नाही." त्यांनी तिच्यासाठी सांडशी घेतली. पुढच्या खेपेला, पहिली सैल असेल म्हणून, दुसरी घेतली. दर महिन्याला आम्ही गजकर्णाच्या नावाखाली त्या गावात जायचो आणि दर महिन्याला डिकीत सांडशी असायची. "डॉक्टरसायेब, तवा एकच हाये आमच्या घरी," मुलीची आई म्हणायची, आणि आता ती थोडीशी हसायची. मोठीचं लग्न झालं, ती अकोल्याला नांदायला गेली. आम्हाला पत्रिका होती. साडू गेले नाहीत. "मला पाहून कोणी काही विचारलं तर?" म्हणाले, आणि त्या दिवशी दुपारभर माझ्या घरी येऊन बसून राहिले.

गोळ्या संपल्या तेव्हा आम्ही शेवटचं म्हणून गेलो. मळ्यात कोथिंबिरीची काढणी चालली होती आणि मुलगी बांधावर बसून जुड्या बांधत होती. साडूंनी तिला कागद धरायला दिला. ओढला, पुन्हा ओढला. कागद फाटला पण निसटला नाही. मग त्यांनी कापूस काढला. चट्ट्याचा रंग बराचसा मिळून आला होता. मुलीनं डोळे मिटले. खांदा, तळवा, आणि मग ती जागा. यांचा हात इतका कापत होता की कापूस उडून जाईल असं वाटलं. मुलगी क्षणभर थांबली आणि तिनं बरोबर तिथं बोट ठेवलं.

"समजलं?" साडू ओरडलेच. "तुला समजलं?"

तिनं डोळे उघडले, यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "नाई काका. म्या फटीतून पाह्यलं. तुमी लय घाबरून राह्यले होते, म्हनून दाखवलं."

साडू तिथंच बांधावर बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला खोटं सांगायचं नाही बरं, बाई." आईनं कोथिंबीर दिली, ती मांडीवर घेऊन ते गाडीत बसले. अकोटपर्यंत त्यांनी आभाळाबद्दल विचारलं नाही, कुलुपाबद्दल विचारलं नाही. मग म्हणाले, "ती जागा आता बधिरच राहणार, साडभाऊ. करंगळी वाचली, पण ती जागा गेली. मी वर्षभर आधी त्या शाळेत जायला पाहिजे होतं." मी काहीतरी समजुतीचं बोललो, ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते खिडकीबाहेर, शाळा सुटून रस्त्याकडेनं घरी चाललेल्या पोरांच्या उघड्या हातापायांकडं पाहत होते, आणि मला म्हणाले, "जरा हळू घ्या ना गाडी."