कडक पोटऱ्या आणि मऊ गाद्या

माझ्या मुलीची उडी भिंतीवरच्या रेघेला बोटभर कमी पडली, आणि ते बोट माझं होतं.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे गुन्हा कळायला सोपं जाईल. शहरातल्या गारखेड्यात माझं गाद्यांचं दुकान आहे. जुनी गादी दगड झाली की लोक ती माझ्याकडे आणतात. मी ती उसवतो, आतला कापूस पुन्हा पिंजतो, भरतो, टाके घालतो आणि गादी फुगून परत घरी जाते. आयुष्यभर हेच केल्यामुळे माझी एक समजूत पक्की झाली होती, की जगात जे जे कडक आहे ते बिघडलेलं आहे. भाकरी, गादी, साहेब, सासरा, सगळं! (सासऱ्यांना हे कधी बोललो नाही.)

आरती ही माझी एकुलती एक मुलगी. शटर खाली ओढायला प्रत्येक दुकानदाराकडे लोखंडी आकडा असतो. आमचाही होता, पण कोपऱ्यात गंजत पडलेला. कारण रोज संध्याकाळी आरती शटरखाली उभी राहायची, गुडघे जरा वाकवायची, टुणकन उडायची आणि शटर हातात घेऊनच खाली यायची. शेजारचा सायकलवाला तेवढ्यापुरतं गिऱ्हाईक सोडून बघायला बाहेर येत असे.

ही उडी तिच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी हेरली आणि तिला सरावाला लावलं. त्या वर्षी सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड आमच्याच शहरात होती. राहणं, खाणं, शिकणं, सराव, सगळं तिथंच. जागेवरून उडी मारायची, खडू लावलेलं बोट भिंतीला टेकवायचं, खूण रेघेच्या वर उमटली की मुलगी आत. वयाच्या अटीत बसायचं आरतीचं हे शेवटचं वर्ष होतं. सरावात ती रेघेच्या वर आरामात जात होती. म्हणजे मी काही करायची गरजच नव्हती!

आदल्या दिवशी दुपारी ती दुकानातल्या गादीवर पालथी पडून मोबाइल बघत होती. मी जाता जाता सवयीनं तिची पोटरी दाबली. गादीवाल्याचा हात असतो, समोर येईल ते दाबतो.

"आरते, अगं फरशी झालीय की पोटऱ्यांची!"

"पप्पा, माझ्या अशाच असतात. दाबू नका."

"दुखतंय का?"

"नाय."

"आज नाही, उद्या दुखेल!"

"मॅडमनी सांगितलंय, आता काही नवीन करायचं नाय. थोडं पळायचं, थोड्या उड्या मारायच्या, बस."

"मॅडमना गादीतलं काय कळतं?" (हे वाक्य मी खरंच बोललो.)

आणि मी अक्काला फोन लावला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सिल्लोडजवळच्या खेड्यात राहते. बाळंतिणीला चोळण्यात तिचा हात अख्ख्या तालुक्यात कुणी धरू शकत नाही.

"अक्का, आरतीच्या पोटऱ्या दगड झाल्यात."

"काहून रं? आन् तू आता सांगतोस व्हय? निघालेच बघ!"

संध्याकाळच्या एसटीनं ती हजर झाली. पिशवीत तिळाचं तेल, ओवा, बाळंतशोपा आणि डिंकाचे लाडू. लाडू बघूनच मला शंका यायला हवी होती. पण मी एक खाल्ला आणि शंका गेली.

अडचण अशी, की अक्काला चोळण्याचा एकच प्रकार येतो. समोर कोण आहे आणि कशासाठी आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं. निवडीच्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता तिनं आरतीला पाटावर बसवलं आणि कोमट तेलानं मांडीपासून टाचेपर्यंत रगडायला घेतलं. मला नुसतं बघत बसवेना. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि दुसरा पाय धरून त्यात दाखवल्याप्रमाणे ताणायला लागलो. बहीण एक पाय मळतेय, भाऊ दुसरा ओढतोय!

माझी बायको मंगल चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो, पोरगी उडी मारायला चाललीय का बाळंतपणाला?"

"तू गप गं," अक्का म्हणाली. "आजून शेक व्हायचाय."

मग कढत पाण्यानं अंघोळ झाली. मग बाजेखाली शेगडी आणि वर आरती. मग ओव्याची धुरी. मग कानाला फडकं, तोंडात लाडू. शेकानंतर घटकाभर झोपायचंच, हा अक्काचा नियम. झोपायला गादीवाल्याच्या घरात काय कमी? मी दुकानातली सगळ्यात मऊ गादी आणून अंथरली. पोरगी अशी झोपली की उठवायला आम्हा तिघांना हाका माराव्या लागल्या.

"पप्पा," डोळे न उघडता तिनं विचारलं, "माझे पाय जाग्यावर हायेत का?"

मी पोटरी दाबून बघितली. लोणी! इतकी झकास पिंजाई माझ्या हातून कधी झाली नव्हती.

स्कूटरवर ती माझ्या पाठीवर डोकं टेकून पेंगत आली. मैदानावर बाकीच्या मुली जागच्या जागी टणाटण उड्या मारत होत्या. आमची जांभया देत होती. आजूबाजूला ओव्याचा घमघमाट सुटला होता. एका मुलीच्या आईनं मला विचारलंसुद्धा, "कुणाचं बारसं हाय का हो?"

मॅडम धावत आल्या. आरतीचा चेहरा बघितला, मग खाली बसून पोटरी चाचपली. "हिला काय केलंत?"

"मऊ केली!" मी छाती पुढं काढून सांगितलं.

मॅडम आरतीचा दंड धरून तिला पळवायला लागल्या. पण एक फेरी होतेय तोवर तिचं नाव पुकारलं. पहिली उडी रेघेच्या बरीच खाली. मी ओरडलो, "जोर लाव!" दुसरी थोडी वर. तिसरी आणखी वर, बोटभर कमी. पाय जागे होत होते हो! पण चौथी उडी कुणालाच नव्हती.

"असं कसं झालं?" मी मॅडमना विचारलं. "सगळा कडकपणा तर काढला होता."

"तोच तर लागतो! गुडघा वाकला की स्नायू ताणला जातो आणि ताठ असेल तर तसाच उलटा झटका देतो. एका क्षणाचं काम असतं. ऐन उडीच्या आधी तो इतका ढिला केला, की जोर पायातच राहतो, बाहेर यायला उशीर होतो."

"पण आखडला असता तर?"

"आखडणं वेगळं. त्यात दुखतं, पाय नीट हलत नाही. तिचं दुखत होतं का?"

"नाही."

"मग औषध कशाचं केलंत?"

वाईट म्हणजे, मॅडमनी सांगितलं ते मला आधीपासून पाठ होतं. मी स्प्रिंगच्या गाद्याही विकतो. गिऱ्हाईकाचा हात धरून गादी दाबायला लावतो आणि सांगतो, "बघा, स्प्रिंग कडक आहे म्हणून उसळते. ढिली असती तर तुम्ही आतच गेला असता." हे मी रोज म्हणतो. रोज!

परतताना मला फार वाईट वाटत होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "पप्पा, आत्याला सांगू नका तिच्या तेलामुळं झालं म्हणून. लई मनाला लावून घेईल ती."

"आणि माझ्यामुळं झालं ते?"

"ते तुम्हाला कळलंय ना," ती म्हणाली. सिग्नल हिरवा झाला तरी मला गाडी पुढं घ्यायचं सुचेना, मागून हॉर्न वाजायला लागले.

दारात अक्का ओवाळायचं ताट घेऊन उभी. "झाली का निवड?"

"थोडक्यात हुकली, अक्का."

"आगंबाई! मंग पुढच्या बारीला दोन दिस आधीच येते."

पुढची बारी नव्हती, हे तिला सांगायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही. ती रात्रभर राहून, उरलेलं तेल आमच्याकडेच ठेवून गेली.

त्यानंतर आरती संध्याकाळी दुकानात यायची, कोपऱ्यातला आकडा घ्यायची आणि शटर ओढायची. त्याचा करकर आवाज माझ्या दातांत जायचा. सायकलवालाही बाहेर येईनासा झाला. शेवटी एका संध्याकाळी मी तो आकडा गाद्यांच्या थप्पीमागं दडवला.

"पप्पा, आकडा?"

"कुठं गेला कोण जाणे."

तिनं माझ्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं. गुडघे वाकवले आणि गेली वर. रागात होती बहुतेक, कारण हात शटरला न लागता त्याच्याही वर, भिंतीवर थाडकन बसला. ती घरी गेल्यावर मी स्टूल घेतलं, गाद्या मापायची टेप लावली. निवडीच्या रेघेची उंची मला पाठ होती. पंजाची मळकट खूण तिच्याही वीतभर वर होती! मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. पण तुमच्या दुकानाच्या भिंतीवरची उडी तिथं कोण धरतं?"

आरती आता कॉलेजात आहे. अजून उडते, अजून शटर ओढते. वसतिगृहाचं नाव घरात कुणी काढत नाही. दिवाळीला रंगारी आला तेव्हा भिंतीचा तेवढा तुकडा मी रंगवू दिला नाही.

परवा एक गिऱ्हाईक आलं. गादी दाबून म्हणालं, "भाई, थोडी कडक लग री. जरा नरम करके देओ ना."

कडक वस्तू मऊ करण्यात या शहरात माझा हात कुणी धरू शकत नाही. म्हणून मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणालो, "रहने देओ भाई. मैं हात लगाया तो फिर उछलेगी नहीं."