आमच्या न्हाणीतला दगड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि मी काय गप्प बसणारा माणूस आहे? माझं नाव पोपट. आईवडिलांनी ठेवलेलं, खरंखुरं. बारामतीच्या एका कापड दुकानात मी साड्या दाखवायचो. पदर असा हवेत उडवायचो की नुसती बघायला आलेली बाई लग्नाचा बस्ता बांधून जायची. असा मी — आणि एवढी एक गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुकान बंद असायचं त्या दिवशी मी पुण्यामुंबईच्या लोकांना बारामतीतून पायी फिरवायचो. बारामतीत पायी फिरून काय बघणार? जर्मन डॉक्टर! तो जर्मन होता आणि नव्हताही. ज्यू होता. हिटलरच्या लोकांनी त्याचं घर घेतलं, दवाखाना घेतला, तेव्हा बायकोला घेऊन तो बोटीनं मुंबईला उतरला. इकडं महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनी त्याला धरलं. का? तर जर्मन म्हणून! पुरंदरावर कोंडला. मग डॉक्टर हवे होते म्हणून आमच्या भागात सोडला, पोलिसांत हजेरी लावायच्या अटीवर. ज्यांच्यापासून पळाला, त्यांचंच नाव जन्मभर त्याच्या पाठी. लढाई संपत आली तेव्हा इंदापूरकडं भीमेकाठच्या एका गावात पटकी आली. लोकांना वाचवता वाचवता तो स्वतःच गेला. गावानं नदीकाठी पुरला. त्याच्या बायकोनं कागदावर ज्यूंच्या लिपीतली अक्षरं काढून दिली, आणि गावच्या पाथरवटानं, त्यातलं एकही वाचता येत नसताना, दगडावर जशीच्या तशी कोरली.

इथवर खरं. पुढं मी आहे.

हा दवाखाना — आता झेरॉक्सचं दुकान. ही चौकी, इथं हजेरी. हा कऱ्हेचा काठ, इथं तो संध्याकाळी व्हायोलिन वाजवत बसायचा. व्हायोलिन? व्हायोलिन मी दिलं त्याला. ज्या कट्ट्यावर मी त्याला बसवायचो तो कट्टा त्याच्या माघारी कितीतरी वर्षांनी बांधलेला. याची मला लाज वाटते का? अजिबात नाही. बिचाऱ्यानं आयुष्यभर काय भोगलं, त्याला मी एक वाजवायला काहीतरी दिलं तर काय बिघडलं? या थापांसाठी मी कान पकडणार नाही. तुम्ही धरायला आलात तरी नाही.

मग जीप. सणसरला उसाच्या ट्रॉल्यांत अडकत, इंदापूरच्या पुढं भीमेवरच्या धरणाच्या पाण्याशी. तिथं माझा शेवटचा प्रवेश. मी हात लांब करायचो, थांबायचो — थांबणं फार महत्त्वाचं — आणि म्हणायचो, “त्या पाण्याखाली त्याचं थडगं आहे. ज्याला जगानं जागा दिली नाही, त्याला आमच्या मातीनं दिली. आणि मातीसकट तो पाण्यात गेला. दगडसुद्धा उरला नाही.” बायका डोळ्याला रुमाल लावायच्या. मी लावायला लावायचो. त्या एका वाक्यासाठी मी आठवडाभर साड्यांच्या घड्या घालायचो.

थडगं पाण्याखाली होतं. दगड मात्र इंदापूरजवळ वरकुट्याला, आमच्या घरी, न्हाणीत होता. आई त्यावर धुणं धुवायची.

चोरीचा नव्हे. धरणाचं पाणी चढणार म्हटल्यावर काठची माणसं दारं, तुळया, उंबरे, सगळं गाडीत घालून नेत होती. माझे वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — तेव्हा मेंढरं घेऊन नदीकाठी असायचे. लहानपणी त्यांचा मोडलेला हात त्या डॉक्टरानं बसवला होता. त्यांना तो दगड पाण्यात सोडवला नाही. बैलगाडीत घालून घरी आणला आणि दाराशी उभा केला. आई कडाडली. थडग्याचा दगड आणि दारात? उचला आधी! उचलून ठेवणार कुठं? न्हाणीच्या कडेला आडवा केला. आता पाण्याच्या जवळ सपाट दगड आडवा पडला, तर घरातली बाई त्यावर काय करणार? मी त्या अक्षरांवर आंघोळी करून मोठा झालो. त्यांच्या खाचांत साबण साचायचा, मी काडीनं काढायचो.

आणि एका फेरीला रूथताई आल्या. मुंबईच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, साधी सुती साडी, मराठी आपल्यासारखं. फेरी झाल्यावर सगळे चहाला बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, “मी त्या डॉक्टरांची मुलगी. वडील गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आईनं मग मुंबईत नर्सची नोकरी केली, गेल्या वर्षी ती गेली.” आणि पर्समधून एक फोटो काढला. दगडाचा. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण माझ्या बोटांना पाठ होती.

त्याच क्षणी सांगता आलं असतं ना? मी म्हणालो, “उद्या या, ताई. तुम्हाला पाण्यापाशी घेऊन जातो.”

आणि ऊन कलायच्या आत वरकुट्याला जाऊन, अक्षरं कुणाला दिसू नयेत म्हणून दगड उलटा करायला मी पहार घेतली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “आरं पोपट, येड लागलं का? त्या अक्षरांनी मळ किती झ्याक निघतोय!”

आबा ओट्यावर होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. “मंग दे की तिचा तिला! पाण्यात जात हुता म्हून आणला, चोरून न्हाय आणला. म्या सोता सांगतो तिला. तिच्या बापानं माझा हात बसवलाय हा.” आणि हात पुढं केला.

म्हणजे आबांची अब्रू वाचवायला मी हे केलं, असं मला म्हणता येत नाही. म्हणायची फार इच्छा होती. पण आबा तयार होते. तयार नव्हतो तो मी. ‘दगडसुद्धा उरला नाही’ — या वाक्याचं काय? माझ्या पाण्याचं काय? डॉक्टराचा दगड पोपटच्या घरी, आणि त्यावर पोपटची चड्डी धुतात — हे ऐकून बारामती हसली असती. मी आबांना म्हणालो, “तुम्हाला यातलं कळत नाही. गप्प बसा.” माझ्या बापाला.

दगड उलटा पडल्यावर ते एवढंच म्हणाले, “जेवाय तरी आण तिला. डॉक्टरची लेक हितनं उपाशी जायाची न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पाण्यापाशी मी हात लांब केला. थांबलो. वाक्य म्हटलं. त्या दिवशी ते फार सुरेख आलं. त्यांच्यात कबरीवर फुलं ठेवत नाहीत, खडा ठेवतात. रूथताईंनी आपल्या आईच्या कबरीपासचा खडा हातरुमालात बांधून आणला होता. त्यांनी विचारलं, “दगड कुणी उचलून नेला असेल, असं नाही ना?”

मी म्हणालो, “ताई, आमच्याकडं थडग्याचा दगड कोण नेतो?”

मग त्या चपला काढून चिखलातून पुढं गेल्या आणि खडा पाण्यात सोडला. हलक्या हातानं, झोपलेल्याच्या उशाशी ठेवावा तसा.

घरी आलो. पाय चिखलानं भरलेले. दारात आलेल्या माणसाला आमच्याकडं आधी पायांवर पाणी देतात, आणि पाय कुठं धुणार? आई तांब्या घेऊन उभी होती. रूथताई न्हाणीकडं वळल्या आणि त्या दगडावर चढल्या.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. ती पाणी ओतू लागली, निम्मं बाहेर सांडत होतं. ओट्यावर आबा उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. उघड्या डोक्यानं आबांना मी त्याआधी फक्त मयतात पाहिलं होतं.

“किती गार दगड आहे,” रूथताई म्हणाल्या. “बरं वाटलं पायांना.”

सगळे माझ्याकडं बघत होते. माझीच पाळी होती बोलायची.

“गावाकडचा दगड, ताई. असाच असतो.”

त्या उतरेपर्यंत आबा उभे होते. मग टोपी घालून शेताकडं गेले. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट तसंच राहिलं. रूथताईंना आईच्या हातची भाकरी आवडली, जाताना त्या आईच्या पाया पडल्या. आई मागं सरकली, भिंतीला टेकली.

त्यानंतर आबा घरच्या न्हाणीत कधी आंघोळीला बसले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून कालव्याच्या चारीवर जायचे, थंडीतसुद्धा. मला एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी? मी फेरी बंद केली असेल, असं वाटतं तुम्हाला? मी फेरीत नवा प्रवेश घातला. “इथं, या जागी, त्याच्या मुलीनं चपला काढल्या आणि खडा सोडला.” आता तर पुरुषही रडायचे.

रूथताई आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही. शोधता आलं असतं. शोधलं नाही. आई गेली, आबा गेले. वरकुट्याच्या घरात मी राहतो. दगड तिथंच आहे, अक्षरं खाली. पहारही आहे, कोपऱ्यात, हाताला येईल अशी.

आज सकाळी मी त्याच दगडावर पाय धुतले. गार होता.