दक्षिणेकडे तोंड केलेली छत्री

आमच्या दिग्रसच्या घरावरची टीव्हीची छत्री दक्षिणेकडे तोंड करून बसली होती, एवढाच तिचा गुन्हा. (डिशला आम्ही छत्रीच म्हणायचो. पावसात तिचा काही उपयोग नसे.)

छत्री बसवून घेतली मी. शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे न विचारता समजावून सांगायची मला सवय. उपग्रह विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर उंचावर, पृथ्वीच्याच वेगानं फिरतो. म्हणून आपल्या लेखी तो एका जागी उभा, हे मी आईला जेवता जेवतासुद्धा सांगायचो.

"उभा राहू दे," आई म्हणायची, "पण यमाच्या दिशेले काहून उभा हाय?"

कापसाची ती फार वाईट वर्षं होती. त्यातच आत्याचे यजमान गेले. नेरजवळच्या गावात ती एकटीनं शेती करू लागली. बाबांनी मात्र परस्पर ठरवून टाकलं: शेत विकायचं आणि आत्यानं आमच्याकडे येऊन राहायचं. आत्याच्या मनात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, "तू थांब कमल, मी सांगतो!"

अशात एका चॅनेलवाल्यांनी कापूस पिकवणाऱ्या बायकांना बोलतं केलं. त्यात आत्याही होती. कार्यक्रमाच्या दिवशी ती एसटीनं थेट आमच्याकडे आली.

"दादा, आज सांजच्याले मी टीव्हीवर येऊन राह्यली. शेताचं मले काय वाटते, थे सारं सांगतलं. टीव्हीले तरी 'थांब' म्हणता येत नाही तुले!"

मी तर खुशीत होतो. माझ्या उपग्रहाला घरात पहिल्यांदाच मानाचं काम मिळालं होतं!

संध्याकाळी टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या!

"छत्रीले कोणी हात लावला?" मी ओरडलो.

"म्या," आई शांतपणे म्हणाली. "कमलबाई पहिल्यांदा टीव्हीवर येऊन राह्यल्या, त्या दक्षिणेकडून कायले याव्या? शेजाऱ्याइले बलावलं, छत्री उगवतीकडं फिरवली, हळदकुंकू लावलं."

मी छतावर धावलो. छत्री फिरवता फिरवता हळदकुंकू माझ्याच कपाळाला लागलं.

"आलं का?"

"मुंग्याच हायेत!" खालून बाबा.

"आता?"

"बाई आली! पण आपली नाही, तमिळमधी भांडून राह्यली!"

मी आणखी जरा सरकवली. "आता?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी शांतता. जमलं! सगळे आत्याला बघण्यात गुंग झाले असणार. आता वाऱ्यानंही हलू नये म्हणून मी छत्रीला मिठी मारून अंधार पडेपर्यंत उभा राहिलो.

खाली आलो, तर टीव्ही बंद. बाबा डोळे पुसत होते.

"चित्र गेलं का?"

"आलंच कुठी?" आई म्हणाली. "कमलबाई रडकुंडीले आल्या. मंग तुह्या बाबानंच टीव्ही बंद केला. म्हणे, तू सांग कमल, मी थांबतो."

बाबा म्हणाले, "शेत इकाचं नाही. थे कमलच करन."

मलाही भरून आलं. "आत्या, काय सांगितलंस गं?"

"आता पुन्हा नाही सांगत, बापू," आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली. "सारं सांगून झालं. तू कुठी होता?"

मी छत्तीस हजार किलोमीटरवरून आत्याचा आवाज पकडत होतो. ती बोलली माझ्या पायाखालच्या खोलीत, आणि तिचं बोलणं न ऐकलेला घरात मी एकटाच!