स्टिअरिंगवरची पाटी

पुण्यात गाडीच्या गिअर ऑइलवर मनापासून माया करणारा एकच माणूस असेल, आणि ते म्हणजे माझे सासरे. इंजिनाच्या तेलाची चौकशी सगळेच करतात. गिअरबॉक्समध्येही तेल असतं, तेही जुनं होतं, बदलावं लागतं, हे निम्म्या गाडीवाल्यांच्या गावीही नसतं. सासऱ्यांना या निम्म्या पुण्याची कीव यायची. "इंजिन कुरकुरतं, म्हणून त्याचे लाड होतात," ते म्हणत. "गिअरबॉक्स बिचारा बोलत नाही. आणि बोलला, की संपलाच." लक्ष्मी रोडवर एखादी गाडी कण्हत गिअर बदलताना ऐकली, की ते पिशवी खाली ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहत.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. खाली उतरून मी आणलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गिअर ऑइल कधी बदललंत?"

"गाडी मित्राची आहे," मी म्हणालो.

"मग त्यांनाच यायला सांगायचं. आपण कशाला तसदी घेतलीत?"

तरी मुलगी दिली. पुढे आम्ही नारायण पेठेत त्यांच्याच इमारतीत राहायला गेलो, ते दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. मी छोटी गाडी घेतली. ती माझ्या नावावर होती एवढंच, मालक तेच. महिन्यातून एकदा ते पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरत, पुढचं चाक पूर्ण वळवत आणि आपला काडीसारखा हात आत घालून गिअरबॉक्सच्या बाजूचा नट काढत. त्या भोकात करंगळी घालायची. पहिलं पेर भिजलं तर तेल पुरेसं. मग ते बोट नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि सासूबाई होत्या तोवर त्यांनाही वास घ्यायला लावत. "कुजका लसूण," त्या म्हणत. "उत्तम," हे म्हणत. वर्षातून एकदा सगळं तेल बदलायचं. आधी भरायचा नट सैल करायचा आणि मगच खालचा, गळतीचा नट काढायचा, कारण वरचा उघडलाच नाही तर रिकामी गाडी घेऊन काय करायचं. दुपारी जेवण झाल्यावर तेल सोडायचं, खाली परात ठेवायची आणि चार वाजेपर्यंत थेंब न थेंब निथळू द्यायचा. तोवर स्वतः झोपायचं. उभ्या शहरात एवढा वेळ कुणी देत नसेल.

दुसरा नाद पाट्यांचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, लाल शाईत. नळावर "वॉशर झिजला आहे, पिळू नये." सिलिंडरवर "भरलेला." एकदा कानात औषध घालून आरामखुर्चीत बसले होते, तर छातीवरच पाटी: "संध्याकाळपर्यंत बोलू नये." गाडीच्या स्टिअरिंगला तर दोऱ्याने कायम काहीतरी लटकलेलं असे. "क्लचवर पाय ठेवून बसू नये." "हॉर्न विनाकारण वाजवू नये." "काल कोणी तिसऱ्या गिअरवरून पहिला टाकला?" हा कोणी म्हणजे मीच. वीस वर्षांत मी त्या पाट्या वाचायच्या सोडून दिल्या. काढायच्या, बाजूच्या सीटवर टाकायच्या आणि निघायचं.

त्या दुपारी दोनला लोणी काळभोरहून मुलीचा फोन आला. तिथल्या कॉलेजात तिला चक्कर आली होती. मी धावत खाली आलो, स्टिअरिंगवरची पाटी ओढून काढली आणि गाडी काढली. खाली परात खडखडली, तेही ऐकलं. हडपसर मागे पडल्यावर गाडी किंचाळायला लागली. मांजरी गावाच्या पुढे एकदाच कडाडलं आणि सगळं थांबलं. मागचा ट्रक कसाबसा बाजूने गेला. बाजूच्या सीटवर पाटी उलटी पडली होती. सरळ केली. "गिअरबॉक्समध्ये तेल नाही. गाडी सुरू करू नये."

मुलीला तिच्या मैत्रिणीनं रिक्षाने घरी पोचवलं. गाडी ओढून न्यायला माणूस येणार होता, त्याला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी पाटीचे बारीक तुकडे केले आणि रस्त्याकडेच्या गटारात टाकले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी मेहुणा आला. "बाबा, पाटी लावली नव्हतीत?"

सासरे माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. मी म्हणालो, "मला तरी दिसली नाही."

"लावल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. मग, "नसेल लावली."

"हे थोडक्यात वाचले, बाबा. आता पुरे," मेहुणा म्हणाला. त्याने पान्यांची पेटी नेली.

त्यानंतर त्यांनी पाटी लिहिली नाही. गॅस बंद आहे ना, हे ते तीनतीनदा पाहू लागले. कुलूप लावून खाली जात आणि परत वर येत. वाचनालयात एकटं जाणं सोडलं. "माझा भरवसा नाही," हे वाक्य ते असं म्हणत, जसं दुसऱ्या कुणी आपला चष्म्याचा नंबर सांगावा. तेव्हा डॉक्टरांनी तपासून डोकं ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. दीड वर्षाने ते खरोखरच विसरू लागले. त्या दिवसामुळे असं होत नसतं, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना पाटीचं माहीत नाही.

एका रविवारी त्यांनीच विषय काढला. "त्या दिवशी पाटी लावली होती का हो मी?" मी सगळं सांगितलं. वाचली नाही, फाडली, खोटं बोललो. ते ताठ बसले. "म्हणजे डोकं ठीक होतं माझं," म्हणाले. मग जुन्या आवाजात, "शिकलेले ना तुम्ही? चार शब्द वाचायला काय झालं होतं?" बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने चार दिवस मला वेळेवर वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा ताठ बसले, पुन्हा झापलं. असं कितीतरी रविवार चाललं. दहा मिनिटं ते पूर्वीचे होत. त्या झापण्याची मी आठवडाभर वाट पाहायचो.

परवाच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी मी आपणहूनच सुरुवात केली: एका वृद्ध गृहस्थांनी पाटी लावली होती, मी ती फाडली आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला. त्यांनी परक्या माणसाचं ऐकावं तसं आदराने, शेवटपर्यंत ऐकलं.

"वाईट केलंत आपण," ते म्हणाले. "त्या गृहस्थांना सांगितलंत का?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"डोकं ठीक होतं माझं, म्हणाले."

"बरं वाटलं असेल त्यांना," ते म्हणाले, आणि खुर्ची थोडी सरकवून त्यांनी मला खिडकीपाशी बसायला जागा करून दिली.